सुरगाण्याची चक्की आणि दोन वाइड लेन्स

लेन्स बदलायची की नाही, हे नाशिकमध्ये बसूनही ठरवता आलं असतं. ओळखीच्या दुकानदाराने अठ्ठावीस मिलिमीटरची नवी वाइड लेन्स काही दिवस वापरून बघायला दिली होती. पटली तर माझी जुनी अठ्ठावीस त्याला द्यायची आणि वरचा फरक भरायचा. माझ्या रेंजफाइंडर कॅमेऱ्यावर दोन्ही बसतात, दोन्हींत सारखंच दृश्य मावतं. गोदाकाठी जाऊन दोन्हींनी फोटो काढले असते की झालं. पण त्याच आठवड्यात यशोदाचा फोन आला.

यशोदा आणि मी कॉलेजात एका बाकावर बसायचो. ती सुरगाण्याजवळच्या पाड्यावरची. पदवी झाल्यावर ती माघारी गेली आणि तिथल्या बायकांचा बचत गट उभा केला. गट नागलीचे, म्हणजे नाचणीचे, पापड आणि बिस्किटं करतो. आता पिशव्या छापायच्या होत्या, त्यावर एकरंगी फोटो हवा होता. "डोंगराचा फोटो नको गं," ती म्हणाली. "आम्ही सगळ्या दिसलो पाहिजे, आणि आमची चक्की दिसली पाहिजे." खोली लहान, चक्की मोठी. वाइड लेन्सशिवाय जमणारच नव्हतं. मी दोन्ही लेन्स आणि ब्लॅक अँड व्हाइटचे दोन रोल पिशवीत टाकले.

शनिवारी सकाळची एसटी पकडली. तुम्ही जाणार असाल तर एसटीनेच जा, आणि डावीकडची खिडकी धरा, म्हणजे सकाळचं ऊन डोळ्यांवर येत नाही. दिंडोरीपर्यंत दोन्ही बाजूंना द्राक्षबागा. वणीला गाडी थोडी थांबते. तिथे गरम भजी खाऊन घ्या, पुढे खाण्याचं काही खरं नाही. बोरगावला थंडीत रस्त्याकडेला स्ट्रॉबेरीची दुकानं लागतात. भाव करायला लाजू नका, आणि बॉक्स खालून उचलून बघा. सुरगाण्याहून पाड्यापर्यंत जीप. जीप भरल्याशिवाय निघत नाही, त्यामुळे घाई घरीच ठेवून या. सुट्टे पैसे मात्र जवळ असू द्या.

जीपथांब्यावर यशोदा घ्यायला आली होती. चालता चालता तिने सांगितलं, दरवर्षी गटातल्या निम्म्याहून जास्त बायका या दिवसांत दिंडोरीकडे द्राक्षांच्या कामाला जातात, मुलांना घेऊन, बागेतच खोपट बांधून राहतात. या वर्षी गटाचंच काम पुरलं, एकही गेली नाही. हे सांगताना तिने आवाज मुद्दाम साधा ठेवला होता, पण मी तिला ओळखते. मलाच चालताना छाती फुगल्यासारखी वाटली. सकाळी बसमधून ज्या बागा बघत आले होते, त्या मला वेगळ्याच दिसायला लागल्या.

खोलीत गेले आणि अडचण कळली. चक्की बरोबर खिडकीसमोर, जमिनीत पक्की बसवलेली. ती हवी तर खिडकीही फोटोत येणार. माझी जुनी लेन्स समोरून उजेड आला की फोटोवर दूध सांडल्यासारखं करते. नवी तसं करत नाही, पण ती जाड आहे. रेंजफाइंडरमध्ये आपण लेन्समधून बघत नाही, शेजारच्या छोट्या खिडकीतून बघतो. त्यामुळे जाड लेन्सचं नाक मध्ये येतं आणि उजवा खालचा कोपरा झाकला जातो. आणि त्याच कोपऱ्यात सोनीबाई बसल्या होत्या.

सोनीबाई गटातल्या सगळ्यात मोठ्या. पापड लाटण्यात त्यांचा हात कुणी धरत नाही, असं यशोदा म्हणाली. पण कॅमेरा समोर आला की त्या श्वास धरून, मान ताठ करून बसायच्या. आधी मी जुन्या लेन्सने रोल संपवला. सगळ्या नीट दिसत होत्या, एकेकीकडे बघून क्षण निवडता येत होता. सोनीबाई मात्र शेवटपर्यंत तशाच.

मग नवी लावली. मी खरं काय ते सांगून टाकलं, "मावशी, आता मला तुम्ही दिसत नाही. फक्त हलू नका." यशोदाने ते त्यांच्या बोलीत सांगितलं तशी खोलीत खसखस पिकली. मला कोपऱ्यात लेन्सची काळी कड तेवढी दिसत होती. अंदाजाने फोटो काढले.

जेवायला नागलीची भाकरी, उडदाचं दाट, आमटीसारखं भुजं आणि ठेचा होता. मी किती भाकऱ्या खाल्ल्या ते इथे लिहीत नाही. रात्री तिथेच राहिले आणि रविवारी परतले.

घरी दोन्ही रोल धुतले. जुन्या लेन्सचा एक फोटो बघून मी स्वतःवरच खूश झाले. खिडकीचा उजेड सगळ्यांच्या डोक्यांभोवती पसरलेला, कडा अंधारलेल्या, चक्की जरा धूसर, पण काय फोटो! नव्या लेन्सच्या फोटोत चक्कीचा पट्टासुद्धा स्वच्छ होता. आणि उजव्या कोपऱ्यात सोनीबाई तोंड उघडून हसत होत्या, पडलेला दात दिसेल इतक्या. आपण दिसत नाही म्हटल्यावर त्या मोकळ्या झाल्या होत्या.

मी दोन्ही फोटो यशोदाला पाठवले आणि जुन्याच्या बाजूने बरंच बोलले. तिने गटाची बैठक घेतली. संध्याकाळी तिचा फोन आला. सगळ्यांनी नवा निवडला होता, कारण चक्की त्यांनी स्वतः घेतली आहे आणि ती धूसर दिसून चालणार नाही. सोनीबाईंच्या हसण्याचं काय, मी विचारलं. तिने फोन त्यांच्याकडेच दिला.

"हाच माझा फोटो हाय," सोनीबाई म्हणाल्या. "बाकीचे आधार कार्डाचे."

दुसऱ्या दिवशी जुनी लेन्स दुकानदाराला देऊन आले. उन्हातल्या भटकंतीसाठी ती अजूनही उत्तम आहे, लहान आणि हलकी, आणि तुमच्याकडे असेल तर विकायची घाई करू नका. मला मात्र अशा खोल्यांमध्ये पुन्हा जायचं आहे. पहिले काही दिवस हात रिकामा वाटला, हे खरं.

मागच्या महिन्यात नाशिकला बचत गटांचं प्रदर्शन भरलं, तिथे गेले. गटाच्या स्टॉलवर त्या पिशव्यांची रास होती आणि मागे सोनीबाई. एका बाईंनी पिशवी हातात घेतली, फोटो बघितला, मग वर बघितलं आणि विचारलं, या तुम्हीच ना? सोनीबाईंनी मान हलवली. मग पिशवी परत घेऊन एकेका चेहऱ्यावर बोट ठेवत सगळ्यांची नावं सांगितली. शेवटी बोट चक्कीवर आलं.

"आन ही आमची चक्की."

त्या बाई गेल्यावर मी रांगेत पुढे झाले आणि पापड मागितले.