नाखव्याचा नेम

केळव्याला आमच्या शेजारी एक नाखवा राहायचा. वाडीतली माकडं हाकलायला त्यानं छऱ्याची नवी बंदूक आणली होती. चार दुपारी तो माडावरच्या पुठ्ठ्यावर नेम धरी, एक छरा मारी आणि आवाज पोफळींत विरेपर्यंत समुद्राकडे बघत बसे. मग नेमाचा स्क्रू जरासा फिरवी.

पाचव्या दिवशी छरे मधोमध लागले. त्यानं बायकोला हाक मारली. तिचे छरे चार बोटं डावीकडे गेले. त्यानं पुन्हा स्क्रू फिरवायला घेतला.

"नाखवा, जमलेलं कशाला बिघडवता?" मी म्हणालो.

"मी बोटीवर असतो. वाडी ती राखते. डोळा तिचा हाय."

संध्याकाळी तिचा नेम बसला. त्याचा मात्र त्या बंदुकीनं पुन्हा कधीच लागला नाही. लोक हसत, तेव्हा तोही सगळ्यांबरोबर मनापासून हसे.