किसनमामांची डबल बेल

मी दोनदा घंटी दिली तरी किसनमामा गाडी हलवायचे नाहीत. आधी आरशात पाहायचे, मग खिडकीतून मान काढून मागचा रस्ता. हिंगोली-नांदेड एसटीवर आम्ही बरीच वर्षं बरोबर होतो. ते ड्रायव्हर, मी कंडक्टर. वारंगा फाट्याला टपरीवरून कुणी धावत येताना दिसलं, की हा गृहस्थ स्टेअरिंगवर हात ठेवून निवांत. आतले प्रवासी करवादायचे. मामा म्हणायचे, "गाडी लेट झाली तं शिव्या खाऊ. मानूस मागं राहिलं तं जेवन गोड लागत न्हाई."

रिटायर झाल्यावर ते कळमनुरीच्या घरी कुरकुरत बसतील, हा माझा अंदाज साफ चुकला. एकदा मी भेटायला गेले, तर मामा ओट्यावर नात सानूच्या शेजारी मांडी घालून बसलेले आणि हातात तळहाताएवढा व्हिडिओ गेम. जुन्या पद्धतीचा, बटणांचा, सानूसाठी बाजारातून आणलेला. त्यात एक बदकीण उड्या मारत खड्डे ओलांडते, फळ्यांवर चढते आणि शेवटी एका दारातून आत जाते. वाटेत तिची पिल्लं विखुरलेली असतात. घेतली तर मागे चालतात. नाही घेतली तरी दार उघडतंच.

हे 'तरी उघडतंच' मामांना कधी पटलं नाही. वर घड्याळ पळत असायचं आणि मामा एका पिल्लासाठी माघारी.

"आबा, काहून मागं जाऊन राहिले? सोडा की ते एक."

"पाशिंजर हाय ते, माय."

सगळी जमली तरी दारात थांबायचे. सानूनं "टन टन" म्हटल्याशिवाय आत पाऊल नाही. जित्याची खोड ती, पेन्शनीत थोडीच जाणार होती.

सानूचे आईवडील पुण्याला. जूनपासून तिची शाळाही तिकडेच ठरली. जायच्या आधी शेवटच्या दारापलीकडे काय आहे ते बघायचं, एवढाच तिचा हट्ट होता. जायच्या दिवशी मी भेटायला गेले, तेव्हा दोघं शेवटच्या टप्प्यावर होती. उड्या अवघड म्हणून तिनं गेम आबांच्या हाती दिला. बाहेर रिक्षा उभी. मामा दारापाशी पोचले, आणि एक पिल्लू खालच्या फळीवर राहिलेलं.

"आबा, जा ना आत."

मामांनी बदकीण मागे फिरवली. घड्याळ संपलं, खेळ पुन्हा पहिल्यापासून. सानूनं गेम उचलला आणि पाया न पडताच रिक्षात बसली. पुढं फोनवरही ती आबांशी बोलेना. "लेकरू रागावलं ते बराबर हाय," मामा मला म्हणाले, "पन माज्यानं झालंच न्हाई, ताई." इतका पडलेला आवाज त्यांचा मी कधी ऐकला नव्हता.

दिवाळीच्या आधी मामा झोपेतच गेले. तिसऱ्या दिवशी मी घरी गेले, तर पुण्याहून आलेली सानू त्याच ओट्यावर एकटी खेळत होती. मी शेजारी बसले. बदकीण शेवटच्या दाराशी पोचली होती, मागे पिल्लांची रांग. एक खाली राहिलं होतं. सानूनं घड्याळाकडे पाहिलं आणि बदकीण मागे वळवली. मला वाटलं, गेलं आता. पण पोरीची बोटं आबांपेक्षा चपळ. पिल्लू घेऊन ती दारात आली आणि थांबली. घड्याळ पळतच होतं.

"मावशी," पडद्यावरची नजर न हलवता ती म्हणाली, "घंटी द्या."

 मी म्हटलं, "टन टन."

दार उघडलं. पलीकडे एक तळं होतं. पिल्लं एकेक करून पाण्यात उतरू लागली. शेवटचं उतरेपर्यंत सानू बघत राहिली, आणि मग रडली.