मिश्री आणि उणे ऐंशीचा फ्रीजर

टेंभुर्णीच्या बाया खोटं बोलल्या आणि म्हणून कर्करोगाच्या संशोधनाचा पैसा बंद झाला, असं जालन्यात काही लोक अजून सांगतात. परवा एका लग्नाच्या पंगतीत शेजारच्या गृहस्थांनी ते मलाच ऐकवलं. मी मठ्ठा मागून घेतला आणि गप्प बसलो. इतकी वर्षं हेच करत आलो आहे. त्या बायांत माझी थोरली बहीण होती, आणि त्यांच्यातली एकही खोटं बोलली नव्हती.

दोन हजार साल नुकतंच उलटलं होतं. मी आरोग्य खात्यात होतो. पुण्यात वाढलेल्या एक डॉक्टर मॅडम जालन्यात संशोधनाला आल्या. तंबाखूने तोंडाचा कर्करोग होतो हे ठाऊक होतंच. तो दिसायच्या आधी रक्तात त्याची खूण सापडते का, आणि एकाला होतो तर दुसऱ्याला का होत नाही, यात जनुकांचा हात किती, हे त्यांना शोधायचं होतं. त्यासाठी दोन गटांचं रक्त हवं होतं: तंबाखू खाणाऱ्यांचं आणि तंबाखूला जन्मात न शिवलेल्यांचं. टेंभुर्णी माझं गाव, म्हणून रक्त गोळा करायचं काम माझ्याकडे आलं.

पैसा दिल्लीहून यायचा, वर्षाच्या हप्त्याने. त्या पैशाची तऱ्हा वेगळीच होती. उणे ऐंशी अंशांच्या परदेशी फ्रीजरला मंजुरी मिळाली, जनरेटरला मिळाली नाही. वीज गेली की मी त्या फ्रीजरवर घरची गोधडी टाकायचो. मॅडम तेवढा वेळ खिडकीबाहेर बघायच्या. "समिती येईल तेव्हा ही काढून ठेवा," एवढंच म्हणाल्या.

दिल्लीची समिती येणार होती ती पुढच्या हप्त्यासाठी. दोन्ही गट भरलेले दिसले तरच हप्ता. खाणाऱ्यांचा गट पानटपरीसमोर उभ्या उभ्या भरला. न खाणाऱ्यांचा भरेना. तंबाखू न खाणारा पुरुष गावात एकच सापडला, आणि तो बिड्या ओढायचा. शेवटी मी थोरल्या बहिणीकडे, अक्काकडे गेलो. तिच्या शब्दावर अख्खी गल्ली चालायची.

"अक्का, तंबाखू खाती का तू?"

"मी कशाला खाऊ? तुझे दाजी खात्यात तेवढं बस झालं."

"कधीच न्हाई?"

"बिलकुल न्हाई."

हे बोलताना तिच्या डाव्या तळहातावर मिश्री होती आणि उजवं बोट काळं झालं होतं. तंबाखू तव्यावर काळी होईस्तोवर भाजायची, कुटायची आणि दाताला लावायची, ती मिश्री. तिच्या धुराने माझं बालपण ठसकण्यात गेलं. पण आमच्याकडे मिश्रीला तंबाखू कुणी म्हणत नसे. तंबाखू पुरुष खातात, मिश्रीने बाया दात घासतात. तो साबणासारखा घरातला जिन्नस.

माझ्या प्रश्नात मिश्रीही येते, हे अक्काला सुचलं नाही. मला सुचलं. पण जीपमध्ये रक्ताच्या नळ्यांसाठी आणलेला बर्फ वितळत होता आणि मॅडम रोज विचारत होत्या, गट भरला का. मी तिच्या नावापुढे "नाही" लिहिलं. अक्काने आनंदाने दंड पुढे केला आणि मग गल्लीतल्या सगळ्यांना बोलावून आणलं. मी सगळ्यांच्या नावापुढे "नाही" लिहीत गेलो.

समितीचे तीन साहेब सकाळी लवकरच गावात पोचले. तंबाखूला न शिवलेल्या बाया त्यांना बघायच्या होत्या. गल्लीत शिरताच अध्यक्षांना ठसका लागला.

"काय जळतंय इथं?"

अक्का अंगणात चुलीवर तवा ठेवून बसली होती. "या साहेब, बसा. मिश्री भाजून राह्यले. जल्दी उरकते अन् च्या टाकते."

"मिश्री कशाची असते?"

"तंबाखूची," अक्का म्हणाली. "दुसरी कशाची व्हती का?"

आमच्या गटातल्या बाकीच्या बाया ताज्या मिश्रीसाठी तिच्याभोवती बसल्या होत्या. मॅडमनी माझ्याकडे पाहिलं. मी कोंबडीकडे पाहिलं.

परतताना जीपमध्ये मॅडमनी विचारलं, "तुम्हाला माहीत होतं?"

"नाही मॅडम," मी म्हणालो. "बाया आहेत. खरं सांगत नाहीत."

मॅडमनी ते समितीला सांगितलं आणि अहवालात तेच उतरलं: सहभागी महिलांनी माहिती दडवली. हप्ता आला नाही. मॅडम पुण्याला परत गेल्या. फ्रीजरही तिकडे गेला, नळ्यांसकट आणि माझ्या गोधडीसकट.

त्या लग्नानंतर मी टेंभुर्णीला गेलो आणि अक्काला सगळं सांगितलं. ती आता पंच्याऐंशीच्या पुढे आहे. मिश्री लावता लावता तिने ऐकून घेतलं.

"म्हंजे मी इतकी वर्षं खोटारडी?"

"कागदावर."

"आन तू?"

ती अंगणात जाऊन थुंकून आली.

"माझं रगत फेकलं का त्यांनी?"

"न्हाई. तसल्या फ्रीजरात ते टिकतं."

"मंग त्या बाईला फोन लाव. म्हणावं, ते मिश्रीवालीचं हाय, खाणाऱ्यांच्या ढिगात टाका. वाया कशाला घालायचं? आन कुणाला म्हाईत व्हतं, तेबी सांग."

नंबर एका जुन्या सहकाऱ्याकडून मिळाला. अक्का शेजारी बसली होती आणि मी अडखळलो की कोपराने ढोसत होती. मी सगळं सांगितलं, जीपमधलंही. मॅडम म्हणाल्या, "तुमची बहीण अजून मिश्री लावते?"

"लावते म्हणावं," अक्का फोनच्या दिशेने ओरडली. "आन अजून जित्ती हाय, तेबी लिहून घ्या."