आवंढाही गिळू नका

मी आज जो काही आहे तो गायकवाड सरांमुळे, हे आधी सांगतो. आमच्या घरातला मी पहिला बी.ए.; तालुक्याच्या शाळेतून आलेल्या मला सरकारी टीव्हीवर माहितीपट करायला त्यांनीच शिकवलं. भुताखेतांवर माझा कधीच विश्वास नव्हता, आजही नाही... पण हे कोडं मात्र सुटलेलं नाही.

सर साउंडचे. शूटिंग संपलं की त्या जागेची मिनिटभर नुसती शांतता रेकॉर्ड करायचे — एडिटिंगमध्ये जोड झाकायला लागते. त्याआधी हमखास म्हणायचे, "आवंढाही गिळू नका." पुढे घशाच्या ऑपरेशननंतर त्यांचा आवाज कायमचा गेला आणि ते मुलीकडे नागपूरला राहायला गेले.

त्यानंतर मी पक्की नोकरी सोडली आणि डोंबिवलीत दिलीपबरोबर व्हिडिओ कंपनी काढली. ऐंशीचं दशक संपत आलेलं. लग्नांतही मी शांतता रेकॉर्ड करायचो. दिलीप वैतागायचा.

"लग्नाच्या कॅसेटमध्ये शांतता कोण विकत घेतं रे? हे सरकारी लाड बंद कर, नाहीतर मी वेगळा होतो."

दिलीप नकला छान करायचा. सरांचं ते वाक्य मी त्याला सांगितलेलं... पण सरांचा आवाज त्याने कधी ऐकला नव्हता.

कोपरला खाडीजवळ एका कोळी घरी हळद होती. नव्या कॅसेटचं पाकीट घरच्यांसमोरच फोडलं. शेवटी धवले गाणाऱ्या आजींनाही थांबवून मी शांतता घेतली. घरच्यांना लगेच बघायचं होतं, म्हणून कॅमेरा तिथेच टीव्हीला जोडला. शांतता आली, आणि तिच्यात शांतपणे कुणीतरी म्हणालं — "आवंढाही गिळू नका."

सरांचा आवाज. ऑपरेशनच्या आधीचा.

"यो कोन बोलला?" नवरीचे वडील म्हणाले. "आमचे घरान असा कोनी नाय."

"पावना असंल," आजी म्हणाल्या. "त्याला हलद लावली का?"

सगळे हसले. मी दिलीपकडे पाहिलं.

"माझ्याकडे काय बघतोस? तुझ्यासमोर लाइट धरून उभा होतो."

टेप मागे घेतली. चित्रात दिलीप होता, ओठ घट्ट मिटलेले. बाकी सगळ्यांचेही.

तरी मी त्याच्यावर पाळत ठेवू लागलो. कॅसेटी घरी नेऊ लागलो. शेवटी तो म्हणाला, "चोरासारखा बघतोस माझ्याकडे. सरांना विचार, मग सांग — कंपनी ठेवायची की मोडायची."

सरांना फोनवर बोलता येत नाही, म्हणून पत्र लिहिलं. उत्तर आलं, पण त्यात उलगडा नव्हता. कंपनी मात्र टिकली. मी पाठवलेलं पत्र असं होतं:

"आदरणीय सर, सा. न.

हळदीच्या घरातल्या आमच्या टेपवर तुम्ही बोललात. मी दिलीपवर संशय घेतोय. त्यावरून कंपनी मोडायला आली आहे. आवाज तुमचा की त्याने केलेली नक्कल, हे तुमच्याशिवाय कोण ओळखणार? टेप पुसलेली नाही. तुमचाच असेल तर, सर, तुमचा आवाज आमच्याकडे आहे. पाठवू का?"