शेंगवालीचा कोट

वडील गेल्यावर त्यांचा तपकिरी कोट मी भांडीवालीला दिला आणि बदल्यात स्टीलचा डबा घेतला, हे आजवर कुणाला सांगितलेलं नाही. आईला सांगितलं, कसर लागली होती म्हणून जाळला.

गेल्या थंडीत तोच कोट शहापूरच्या बाजारात दिसला. वालाच्या शेंगा विकणाऱ्या एका म्हातारीने तो लुगड्यावर घातला होता. आईने लावलेलं वेगळ्या रंगाचं बटण बघून मी ओळखला. बाह्या तिने दुमडल्या होत्या, अंबाड्यात जुना चांदीचा आकडा होता, आणि तागडी उचलण्याआधी ती दर वेळी कॉलर नीट करायची.

"आज कोर्टात तारीख हाय का गो?" शेजारची मेथीवाली म्हणाली.

"तू नको जळू."

कोट कुठे मिळाला, असं मी विचारलं.

"म्हशाच्या जत्रंत. नवं कापड आंगाला वळखत नाय रे. ह्याचं कोपर बघ, कुनीतरी आधीच वाकवून ठेवलंय. हात घातला का बसतो." शेंगा माझ्या पिशवीत ओतत ती पुढे म्हणाली, "पन असा कोट कुनी घरातून काढतं का? त्याला पोर नसंल."

"नसेल," मी म्हणालो.

तेव्हापासून शेंगा मी तिच्याकडूनच घेतो. कोट परत मागावासा वाटला नाही, कारण वडिलांनीही तो इतक्या ऐटीत कधी घातला नव्हता. घरी आई त्या शेंगा सोलत बसते आणि मी समोर असतो. तिला खरं सांगायचं अजून राहिलं आहे.