भिंतीवरची काच

सासू सुनेबद्दल लिहायला बसली म्हटलं की वाचणाऱ्यांचे कान टवकारतात. तर आधीच सांगते, तक्रार नाही. झाल्या गोष्टीत चूक कोणाची असेल तर माझी, आणि ते पुढे येईलच.

लग्न होऊन आली तेव्हा तिच्या सामानात एक गोणी होती. मुलाने ती उचलली आणि कंबर धरून खाली बसला. उघडून बघतो तर आत दगड. काळे, तांबूस, एक तर चाळणीसारखा भोकाभोकांचा. माझी जाऊ म्हणाली, "अगंबाई, लोकांच्या सुना भांडीकुंडी आणतात, हिने घर बांधायचं सामानच आणलं!" सुनेने भोकांचा दगड तिच्याच हातात दिला. "काकू, हा एके काळी उकळत होता." जावेने तो असा टाकला, जणू अजून निवायचाच होता.

सून रस्ते बांधणाऱ्या एका कंपनीच्या प्रयोगशाळेत माती तपासते. कुठली माती किती भार सोसेल, पाणी पिऊन किती फुगेल, हे बघायचं. संध्याकाळी घरी आली की चहा पुढ्यात निवत ठेवून ब्लॉग लिहिते. ब्लॉग म्हणजे काय ते मला तिनेच समजावलं. "आई, ती माझी वहीच आहे. फक्त कोणीही उघडून वाचू शकतं." मी म्हटलं, "मग त्यात नवऱ्याबद्दल काही लिहू नकोस." नवरा, म्हणजे माझा मुलगा, बोटीवर नोकरीला. सहा महिने तिकडे, दोन महिने इकडे. घरात आम्ही दोघीच.

वहीत ती लिहायची भूकंपाचं, ज्वालामुखीचं, दरडींचं. मोबाइलवर "उद्या पहाटे मोठा भूकंप, सर्वांना पाठवा" असे निरोप फिरायला लागले की हिच्या अंगाचा तिळपापड व्हायचा. लगेच लिहायची, भूकंपाची वेळ आधी कोणालाच सांगता येत नाही, सांगणारा थापा मारतोय. तिच्यासारखं लिहिणारे देशोदेशी आहेत म्हणे. एकमेकांच्या चुका काढतात आणि त्याबद्दल आभार मानतात. आमच्या नात्यागोत्यात अशी पद्धत असती तर निम्मी भांडणं मिटली असती.

आमचं घर टेकडीच्या पायथ्याशी होतं. नऊ घरांची एक ओळ आणि सगळ्यांच्या मागून गेलेली लांब दगडी भिंत, टेकडीची माती अडवायला बांधलेली. आमच्या मागच्या अंगणात त्या भिंतीला तडा गेला होता. मुलाने दोनदा सिमेंट भरलं, दोनदा ते सुटलं. सुनेने तड्याच्या दोन्ही बाजूंना एकेक खिळा ठोकला. दर रविवारी दोन खिळ्यांमधलं अंतर मोजून लिहून ठेवायची. शिवाय तड्यावर काचेची एक पातळ पट्टी आडवी चिकटवली. "भिंत सरकली तर काचेला ताण सोसत नाही, ती फुटते," म्हणाली. "मोजताना माझी नजर चुकेल. काच चुकायची नाही."

ओळीतल्या लोकांना ती विचारत फिरायची, दार घासतंय का, मागच्या झऱ्याचं पाणी गढूळ येतंय का. शेजारचा ब्रेकमामा तिची फिरकी घ्यायचा. हा निवृत्त बसड्रायव्हर. एकटा, गुडघे गेलेले. खुर्चीत बसल्या बसल्यासुद्धा उजवा पाय दाबायचा, म्हणून हे नाव. "काय गं, आज टेकडी कुठपर्यंत आली? तिकीट काढलंय का तिचं?" पण हिची वही रोज वाचणारा ओळीत तोच एक.

त्या वर्षी पावसाने चार दिवस दम घेतला नाही. चौथ्या दिवशी दुपारी मी मागच्या पत्र्याखालचे कपडे काढायला गेले. उंच दोरीवरची चादर काठीने उचलली, ती ओली, जड. काठी मागे झुकली आणि तिचं टोक भिंतीवर आपटलं. कट्ट! काचेचे दोन तुकडे. मनात म्हटलं, आता बोलणी खायची. संध्याकाळी सांगू आणि नवी लावायला सांगू. असा विचार करून मी कोपऱ्यावरच्या घरी गेले. तिथली सून बाळंत झाली होती.

तासाभराने परत येते तो ओळीत पळापळ. कोणी गादी गुंडाळतंय, कोणी सिलिंडर उचलतंय. माझी सून लवकर घरी आली होती. आल्या आल्या भिंतीकडे गेली, काच बघितली, खिळे मोजले. अर्धा मिलिमीटर जास्त. नुसतं तेवढंच असतं तर नजर चुकली असं म्हणाली असती, पण वर काचही फुटलेली. तिने दारोदार जाऊन सांगितलं, वहीत लिहिलं, घरं सोडा. सगळ्यांत आधी ब्रेकमामा निघाला. बाकीचे कां-कू करत होते, त्यांना ओरडून म्हणाला, "पोरगी ब्रेक लाव म्हणतेय तर लावा ना! आपटल्यावर लावणार का?" त्याच्यामुळे बाकीचे हलले.

मी तेव्हाच बोलायला हवं होतं. बोलले नाही. आधी घाबरले, मग मनाची समजूत घातली की निघालेत ते बरंच आहे, पाऊस तर पडतोच आहे. शाळेच्या वर्गात दोन दिवस सगळे फरशीवर झोपले. टेकडी जागची हलली नाही.

तिसऱ्या दिवशी सून मला मोबाइलवरचं वाचून दाखवत होती. लांबच्या कोणा जाणत्या लिहिणाऱ्याने तिला विचारलं होतं, काचेला कशाचा धक्का तर लागला नाही ना? आणि तिने उत्तर दिलं होतं, "नाही. घरात माझ्या सासूबाई असतात, त्या डोळ्यांत तेल घालून जपतात."

मग माझ्याच्याने राहवेना. "अगं, मीच फोडली ती. कपडे काढताना. काठी लागली."

ओरडली असती तर बरं झालं असतं. तिने मोबाइल खाली ठेवला. विचारलं, "किती वाजता?" मी सांगितलं. "खिळ्यांना लागली का?" मी म्हटलं, नाही. "बरं," म्हणाली आणि लगेच लिहायला बसली. मी म्हटलं, "थांब ना दोन दिवस. पाऊस तरी उघडू दे. कोणाला काय कळतंय?"

"आई, मला कळलंय ना."

तिने लिहिलं की काच धक्का लागून फुटली, टेकडी सरकल्यामुळे नव्हे. आपण दिलेली सूचना चुकीच्या खुणेवरून दिली होती. माझं नाव कुठेच घातलं नाही. त्याखाली हेही लिहिलं, की तडा आहे तो आहेच, पाणी अजून मुरतंय, धोका टळलेला नाही, पाऊस थांबल्यावरही दरड येऊ शकते. पण लोकांनी पहिली ओळ वाचली आणि गाद्या उचलल्या. संध्याकाळपर्यंत नऊच्या नऊ चुली पेटल्या.

मग बोलणं सुरू झालं. "काचवाली बाई" असं नाव पडलं. पुढे त्याला पाय फुटले. बाईनेच काच फोडली म्हणे, नाव व्हावं म्हणून. ती रविवारऐवजी रोज मोजायला लागली. पंधराव्या दिवशी खिळ्यांमधलं अंतर चार मिलिमीटर वाढलं होतं. आमचं दारही घासायला लागलं. तिने पुन्हा लिहिलं, पुन्हा दारोदार गेली. कोणी दार पूर्ण उघडलंसुद्धा नाही.

दुसऱ्या दिवशी मी चपला घातल्या. एकेका घरी जाऊन सांगितलं, "काच मी फोडली. माझ्या सुनेने माझं नाव झाकलं, पण तुमच्याशी खोटं बोलली नाही. तिला खोटंच बोलायचं असतं तर तुम्हाला परत का येऊ दिलं असतं?" कोणी हसलं, कोणी पाणी विचारलं. कोपऱ्यावरची बाळंतीण मात्र त्याच संध्याकाळी माहेरी गेली. मग एक-एक करून आमच्यासकट सहा घरं रिकामी झाली. दोन घरची माणसं म्हणाली, दिवसा कामावरच असतो, रात्री पाहुण्यांकडे झोपू.

उरला ब्रेकमामा. मी त्याच्या दाराशी तीनदा गेले.

"वहिनी, त्या फरशीवर दोन रात्री झोपलो आणि पंधरा दिवस गुडघा धरला. आता ऊन पडलंय की छान."

"ऊन पडलं तरी येते म्हणे."

"तुम्ही कधीपासून ब्लॉग लिहायला लागलात?" असं म्हणून हसला. सून त्याच्यासाठी खाट शोधत होती. शाळेत एखादी मिळते का, दवाखान्यात मिळते का. शुक्रवारी खाट मिळाली. रविवारी न्यायचं ठरलं.

दरड शनिवारी सकाळी दहाच्या सुमारास आली. आकाश निळंशार होतं. ट्रकभर खडी रिकामी करावी तसा आवाज, फक्त तो थांबेचना. भिंत गेली, नऊ घरांपैकी पाच गेली. माणूस एकच गेला.

आता आम्ही भाड्याच्या दोन खोल्यांत राहतो. सुनेने वहीत सगळं लिहिलं. मिलिमीटर, पाऊस, दिवस. खाली लिहिलं, "मृत एक, वय एकाहत्तर." मी म्हटलं, "एवढंच? पहिल्या वेळी सगळ्यांच्या आधी तोच निघाला होता, ते लिही." तिने लिहिलं. त्याखाली कोणा अनोळखी माणसाने विचारलं, मग ते परत का आले?

मी म्हटलं, "लिही. सासूने काच फोडली आणि वर तोंडही उघडलं, म्हणून आले. मी गप्प बसले असते तर तो शाळेत राहिला असता ना?"

दुसरी कोणी असती तर म्हणाली असती, आई, तुमचा काय दोष. ही म्हणाली, "माहीत नाही. कदाचित आठवड्याने कंटाळून आलेही असते. मला खरंच माहीत नाही." मग तिने आपलं ते जुनं लिखाण उघडून माझ्यासमोर धरलं. "हे बघा. धोका टळलेला नाही, हे मी चौथ्या ओळीत लिहिलं. आधी माझी चूक लिहिली. मला स्वच्छ व्हायची घाई झाली होती, आई. ही ओळ वर हवी होती."

मी म्हटलं, "अगं, चूक माझी."

"तुमची वेगळी, माझी वेगळी," ती म्हणाली.

त्या माणसाला अजून उत्तर गेलेलं नाही. संध्याकाळी ती लिहायला बसली की मी शेजारी बसते. तिचा चहा निवतो, माझाही. काल दोन ओळी झाल्या. तिने वाचून दाखवल्या आणि विचारलं, "आई, तुमचं नाव घालू?" मी म्हटलं, पहिल्याच ओळीत घाल. ती म्हणाली, पहिल्या ओळीत मामांचं असेल.