अर्नेस्टीननं कोर्टाच्या बाईला सांगितलं ते

नाही गं, पोलिसांना नाही. पोलीस तर केव्हाच घर उलथंपालथं करून गेले होते. अर्नेस्टीन बोलली ती कोर्टाकडून आलेल्या बाईशी. आता मध्ये तोडू नकोस, सांगते तसं लिही.

अर्नेस्टीन टॉलिव्हर म्हणजे इस्पितळाच्या धोबीखान्यात चादरींना इस्त्री करणारी. नवरा लवकर गेला, मार्लन एकुलता एक. पोरगा वाईट नव्हता, पण चुलतभावाच्या नादानं क्रॅकचे, म्हणजे कोकेनचे, खडे विकायला लागला. विकले हे खरंच, ते तीही नाकारत नाही. सापडला आणि फेडरल कोर्टात उभा राहिला. तिथं त्या काळी जज्जाच्या मनावर काही नव्हतं. त्यांचा एक तक्ता असतो. खाली खाली गुन्ह्याचे गुण, वरच्या बाजूला आधीच्या शिक्षांचे, आणि दोन्ही जिथं मिळतात त्या घरात महिने लिहिलेले. वर्षं नाहीत, महिने. शाळेत पोराचे गुण वाढले की आईला बरं वाटतं, इथं गुण वाढले की पोरगं दूर जातं.

तर शिक्षा ठरायच्या आधी कोर्टाची एक बाई घरी येते, पोरगा कसा वाढला ते विचारायला. मिस कीटिंग म्हणून गोरी तरुण मुलगी आली, अगदी गोड बोलणारी. अर्नेस्टीननं आदल्या दिवशी पडदे धुतले, केक भाजला, बर्फ घातलेला गोड चहा पुढं ठेवला. आपल्याकडं कोणी मोठं माणूस घरी आलं आणि पोराबद्दल विचारलं की आई काय करते? कौतुक करते. चर्चमध्ये करते, मयताला आलेल्या पाहुण्यांपुढं करते, तसंच तिनं केलं. म्हणाली, बाप गेल्यापासून हाच घरचा कर्ता. गल्लीतली पोरं ह्याच्या शब्दाबाहेर नाहीत. चर्चचं गवत कापायचं असू दे, कोणाचं सामान हलवायचं असू दे, ह्यानं शीळ घातली की सगळी हजर, हा म्हणेल ती पूर्व. त्या बाईनं मान हलवत सगळं उतरून घेतलं, वर केकही बांधून नेला.

कोर्टात सरकारी वकील उठला आणि म्हणाला, हा नुसता विकणारा नव्हे, टोळीचा म्होरक्या आहे, त्याची आईच सांगते. तक्त्यात म्होरक्याचे दोन गुण जास्त असतात. दोन गुणांनी पोरगा खालच्या घरात सरकला, म्हणजे जवळजवळ पाच वर्षं वाढली. सगळे मिळून दोनशे ब्याण्णव महिने. अर्नेस्टीन शेजारणीला विचारत राहिली, म्हणजे किती गं? शेजारीण बोटांवर मोजायला लागली आणि मध्येच थांबली. चोवीस वर्षांच्या वर.

तिनं हे कोणाला बोलून दाखवलं नाही. तुरुंग तीन राज्यं पलीकडं. चर्चची गाडी जायची तेव्हा जायची, मशीनमधलं गार सँडविच पोराला खाऊ घालायची आणि परत यायची. बोलणं हवापाण्याचं. पुष्कळ वर्षांनी एकदा तिच्यानं राहवलं नाही, तिनं सांगून टाकलं की ते मीच बोलले होते. मार्लन हसला. त्याला पहिल्यापासून ठाऊक होतं, कागदात होतंच ते.

"मी म्होरक्या?" तो म्हणाला. "मा, ती पोरं माझी गाडी न्यायची आणि टाकी रिकामी करून आणायची. एकानं कधी ऐकलं असेल तर शपथ."

ती हसली नाही. तो म्हणाला, तू नसतीस बोललीस तर त्यांनी दुसऱ्या कोणाच्या तोंडून काढलं असतं. ते तिला पटलं असं काही मला वाटत नाही.

मग वॉशिंग्टनमध्ये कायदा बदलायचं वारं सुटलं. आपल्या गल्लीतल्या खड्यांचं एक ग्रॅम गोऱ्यांच्या पावडरीच्या शंभर ग्रॅमांइतकं धरायचे, ते कमी करायचं ठरलं. एकदा बदलला, मग परत बदलला. दर खेपेला अर्नेस्टीन मार्लनची खोली झाडायची, गादी उन्हात टाकायची. थोडे थोडे महिने उतरायचे, पोरगा काही यायचा नाही. शेवटच्या खेपेला शेजारीणच म्हणाली, "राहू दे गं ती गादी, उन्हानं विरून जाईल."

त्या खेपेला ती वकिलाकडं गेली. गुडघे गेले होते, तरी जिना चढून गेली. म्हातारा हॅलोरन, सरकारनं दिलेला, भला माणूस, पण तोही थकलेला. तो म्हणाला, बरेच महिने उतरतील. ती म्हणाली, आणि म्होरक्याचे दोन गुण?

"ते राहतात, मिसेस टॉलिव्हर. ह्या वेळी कोर्ट फक्त मालाचं वजन नव्यानं बघणार. बाकीचं आहे तसंच धरायचं."

"मी उभी राहून सांगते ना. मी पोराचं कौतुक करत होते, दुसरं काही नाही."

"ऐकून घ्यायला कोणी बसलेलं नाही. ते सांगायची वेळ होती, ती गेली."

 त्यानं पाणी दिलं, ते ती प्यायली. मग म्हणाली, "म्हणजे खड्यांची शिक्षा त्याची भोगून होईल, आणि पुढची माझी."



तसंच झालं बघ. ह्या वसंतात खड्यांपुरते महिने संपले. ते दोन गुण नसते तर मार्लन आज समोरच्या पायरीवर बसलेला दिसला असता. आता चाललेत ते अर्नेस्टीनचे. ती त्यांना तसंच म्हणते, "माझे महिने". तिच्या हृदयात यंत्र बसवलंय, डॉक्टर स्पष्ट काही सांगत नाहीत. परवा मी तिला म्हटलं, तो येईपर्यंत तू असशील गं. तर म्हणाली, असेन, पण फार दमलेय, उगीच धीर देऊ नकोस. खोली आता झाडत नाही ती. दार लोटून ठेवते.

आता लिहिणं पुरे. कपडे धुवायच्या दुकानावरून जाशीलच ना, तिथं लट्रीस असेल, जिचं पोरगं मागं पकडून नेलं ती. तिच्याकडं ह्या गुरुवारी कोर्टाची बाई येणार आहे, आणि ही वेडी आत्तापासून पडदे धुतेय. तिला बाजूला घे आणि सांग, चहा दे, केक दे, पोरगा लहानपणी कशाला घाबरायचा ते सांग, आजारी कधी पडला ते सांग, पण कोण त्याचं ऐकतं ते सांगू नकोस. आणि हे अर्नेस्टीननं सांगितलंय म्हणावं, माझं नाव घेऊ नकोस. माझं ती ऐकणार नाही.